वेडी बाभूळ आणि हिंदूरावांची टेकडी : बेटांच्या रक्षणाविषयी काही विचार

१

अरवली पर्वताची शेपटी यमुनेच्या दिशेने उतरत उतरत वजिराबादजवळ संपते. तिच्या या शेवटच्या तुकड्याला दिल्लीत ‘उत्तर रिज’ असे म्हणतात. एका बाजूस विद्यापीठ, दुसऱ्या बाजूस सिव्हिल लाइन्स, तिसरीकडे मलकागंज आणि सब्जीमंडी. आणि मध्ये ही खडकाळ, झाडांनी झाकलेली टेकडी. १९९४ साली दिल्लीच्या रिजला राखीव वनाचा दर्जा देण्यात आला, तेव्हा एकूण ७,७७७ हेक्टरांपैकी उत्तरेकडील या भागाच्या वाट्यास केवळ ८७ हेक्टर आले.

टेकडीवरील सर्वांत परिचित स्थळाचे नाव मराठी वाचकाच्या कानाला चटकन जाणवणारे आहे. ‘हिंदूराव’ म्हटले की आजच्या दिल्लीकराच्या डोळ्यांसमोर महापालिकेचे मोठे रुग्णालय उभे राहते. हे नाव कागलच्या घाटगे घराण्यातील एका सरदाराचे, दौलतराव शिंदे यांच्या पत्नी बायजाबाई यांच्या बंधूंचे आहे, याची जाणीव मात्र फार थोड्यांना असते. ज्या वाड्यावरून या जागेला हे नाव पडले तो मूळचा विल्यम फ्रेझर या कंपनीच्या अधिकाऱ्याचा. १८३५ मध्ये फ्रेझरचा खून झाला आणि पुढे वाडा हिंदूरावांकडे आला. १८५७ च्या वेढ्यात तो इंग्रज फौजेचे मोक्याचे ठाणे होता. वाड्याजवळच अशोकाचा एक स्तंभ आहे. तो मूळचा मेरठचा. चौदाव्या शतकात फिरोजशहा तुघलकाने तो आपल्या शिकारखान्यात आणून उभारला, अठराव्या शतकाच्या आरंभी दारूच्या कोठाराच्या स्फोटात त्याचे पाच तुकडे झाले, आणि १८६७ मध्ये ते जोडून तो पुन्हा उभा करण्यात आला. थोडक्यात, या टेकडीवर जे जे उल्लेखनीय आहे ते बहुतेक अन्य ठिकाणाहून आलेले आहे.

टेकडीवरील अरण्यही त्यास अपवाद नाही. प्रथमदर्शनी ते पुरातन वाटते. खांडववनाची आठवण यावी इतके गर्द वाटते. वस्तुतः त्यातील फार मोठा भाग एकाच झाडाचा आहे, आणि ते झाड अमेरिका खंडातून आलेले आहे. हिंदीत त्यास ‘विलायती कीकर’ म्हणतात, मराठीत ‘वेडी बाभूळ’. दूरस्थ बेटांवर बाहेरून आलेल्या प्रजातींचा प्रवेश कसा रोखावा, हा प्रश्न जगभर गांभीर्याने विचारात घेतला जात आहे. या प्रश्नाचा समुद्राशी काही संबंध नसलेल्या दिल्लीशी काय संबंध, असे कोणी विचारील तर त्याचे उत्तर या टेकडीवर सापडते.

२

मराठीतील ‘बेट’ हा शब्द येथे उपयोगी पडतो. संस्कृत ‘द्वीप’ शब्दाच्या व्युत्पत्तीत पाणी अपरिहार्य आहे. मराठी ‘बेट’ मात्र दोन अर्थांनी नांदते : पाण्याने वेढलेली भूमी ते बेट, आणि आजूबाजूच्या मोकळ्या जागेतून वेगळा उठून दिसणारा झाडांचा पुंजका तेही बेट. बांबूचे बेट म्हणताना कोणाच्याही मनात समुद्र येत नाही. म्हणजे मराठीच्या दृष्टीने बेटाचे लक्षण पाणी नसून वेगळेपण आहे. मॅक्आर्थर व विल्सन या दोन अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९६७ मध्ये द्वीपांच्या जीवभूगोलाचा जो सिद्धान्त मांडला, त्याचा पुढे शेतांनी वा शहरांनी वेढलेल्या अरण्यखंडांच्या अभ्यासात जो उपयोग झाला, त्यामागील कल्पना याहून फारशी निराळी नाही. वस्तीने वेढलेले ८७ हेक्टरांचे अरण्य हे या अर्थाने बेटच होय.

बेटांवरील जीवसृष्टी दुबळी का, हे नीट समजून घेतले पाहिजे. लक्षावधी वर्षे एकान्तात राहिलेल्या प्राण्यांना व वनस्पतींना काही विशिष्ट शत्रूंची ओळखच झालेली नसते. न्यूझीलंडमध्ये वटवाघळे सोडल्यास जमिनीवर राहणारा एकही सस्तन प्राणी मूळचा नव्हता; म्हणून तेथील अनेक पक्षी उडणे विसरले आणि जमिनीवर घरटी करू लागले. मग जहाजांतून उंदीर आले, मांजरे आली. तेथील स्टीफन्स बेटावर १८९४ मध्ये दीपगृह सुरू झाले आणि त्याच सुमारास तेथील एक चिमुकला, न उडणारा पक्षी नाहीसा झाला. दीपगृहरक्षकाच्या एकट्या मांजरीने त्याचा निर्वंश केला अशी कथा रूढ आहे. मांजरे बहुधा एकाहून अधिक होती. कथेतील संख्या चुकली तरी तिचे तात्पर्य चुकत नाही. ग्वाम बेटावर दुसऱ्या महायुद्धानंतर मालवाहतुकीबरोबर एका जातीचा वृक्षसर्प पोहोचला, आणि काही दशकांत तेथील बहुतेक मूळ वनपक्षी नाहीसे झाले.

भारतालाही असा अनुभव आहे. अंदमानात इंग्रजांनी शोभेसाठी व शिकारीसाठी सोडलेल्या चितळांनी अनेक बेटांवरील कोवळी रोपे खाऊन अरण्याची नैसर्गिक भर थांबवली. लाकूडतोडीसाठी नेलेले हत्ती धंदा बुडाल्यावर इंटरव्ह्यू बेटावर तसेच सोडून देण्यात आले. संयुक्त राष्ट्रांशी संलग्न असलेल्या एका आंतरराष्ट्रीय तज्ज्ञमंडळाने २०२३ मध्ये या विषयावर अहवाल प्रसिद्ध केला. ज्या प्रजातींच्या जागतिक विलोपनास मुख्यतः बाहेरून आलेले जीव कारणीभूत ठरले, त्यांतील ९० टक्के विलोपने बेटांवर घडली, असे त्यात नमूद आहे. माणसाने ठिकठिकाणी नेऊन पोहोचवलेल्या प्रजातींची संख्या त्याच अहवालात ३७,००० हून अधिक दिली असून त्यांपैकी सुमारे ३,५०० उपद्रवी मानल्या आहेत.

या दोन संख्यांमधील अंतर महत्त्वाचे आहे. आलेला प्रत्येक जीव आक्रमक ठरत नाही. आगमन, तग धरणे, प्रसार आणि उपद्रव अशा चार पायऱ्या आहेत, आणि प्रत्येक पायरीवर बहुसंख्य आगंतुक गळतात. जे गळत नाहीत तेच प्रश्न निर्माण करतात. आणि ते कोणते असतील हे आधी सांगता येणे कठीण असते.

३

वेडी बाभूळ ही चारही पायऱ्या चढून गेली. मेक्सिको, मध्य अमेरिका, कॅरिबियन बेटे आणि दक्षिण अमेरिकेचा उत्तर भाग हे तिचे मूळ स्थान. वनस्पतिशास्त्रात ती दीर्घकाळ प्रोसोपिस ज्युलिफ्लोरा म्हणून ओळखली गेली. १८७० च्या दशकात तिचे बी हिंदुस्थानात आले आणि आंध्रातील कडप्पा भागात व सिंधमध्ये पेरले गेले. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, नव्या राजधानीच्या उभारणीच्या काळात, दिल्लीच्या उघड्या बोडक्या टेकड्यांवर झटपट हिरवळ हवी होती. ती या झाडाने दिली. जोधपूर संस्थानाने तर १९४० मध्ये त्याला राजवृक्षाचा मान दिला. कच्छच्या रणातील क्षार पुढे सरकू नये म्हणून १९६१ च्या सुमारास बन्नीच्या गवताळ प्रदेशालगत तीस हजारांहून अधिक हेक्टरांवर त्याची लागवड करण्यात आली.

हे झाड चोरपावलांनी आले नाही, ही गोष्ट ध्यानी घेतली पाहिजे. उंदीर जहाजात लपून येतो. वेडी बाभूळ सरकारी कागदावर सही होऊन आली. वाळवंटाला आवर घालणारी, दुष्काळात टिकणारी, गरिबाच्या चुलीला सरपण पुरवणारी म्हणून तिचे स्वागत झाले, आणि तिच्याविषयी दिलेली ही आश्वासने खोटीही नव्हती. आजही कोरडवाहू भागांतील कित्येक कुटुंबांची चूल आणि कोळशाचा धंदा तिच्यावर चालतो. परंतु ज्या गुणांसाठी ती आणली तेच गुण तिच्या अनावर प्रसाराचे कारण ठरले. तिची मुळे फार खोल जातात. तोडली तर बुंध्यातून पुन्हा अनेक फांद्या फुटतात. पाला गुरे खात नाहीत. शेंगा मात्र गोड असल्याने आवडीने खातात. आतील टणक बी जनावराच्या पोटातून जाताना मऊ होते आणि शेणाबरोबर नव्या जागी पडून उगवते. गळलेल्या पाल्यातील द्रव्ये अन्य रोपांच्या उगवणीस बाधा आणतात. परिणामी तिच्याखाली तिच्याखेरीज फारसे काही वाढत नाही. केनियातील बारिंगो भागात गोड शेंगा चघळून शेळ्यांचे दात किडून पडू लागले, तेव्हा २००६ च्या सुमारास तेथील पशुपालकांनी सरकारविरुद्ध दावा लावला आणि पुरावा म्हणून एक बोळकी शेळी न्यायालयात नेली.

साहित्याच्या अभ्यासकाला या झाडाच्या निरनिराळ्या नावांत एक छोटा इतिहासच वाचावयास मिळतो. मराठी व गुजराती या दोन्ही भाषांनी त्याला वेडे ठरवले : मराठीत ‘वेडी बाभूळ’, गुजरातीत ‘गांडो बावळ’. दोन्हीकडे लक्ष आहे ते त्याच्या बेबंद वाढीकडे. हिंदीतील ‘विलायती’, राजस्थानातील ‘अंग्रेजी बबूल’ आणि तमिळमधील ‘सीमै करुवेलम’ ही नावे त्याचे परदेशीपण सांगतात. मात्र मेक्सिकोच्या झाडास इंग्लंडचे म्हणताना त्यांना झाडाची जन्मभूमी नव्हे, आणणाऱ्याची ओळख अभिप्रेत असावी. कन्नडने त्याला ‘बळ्ळारी जाली’ म्हणून शेजारच्या जिल्ह्याशी जोडले. तेलुगूतील ‘सर्कार तुम्म’ हे नाव सर्वांत नेमके : सरकारी बाभूळ. कोणी आणले, कोणाच्या धोरणाने वाढले, याची नोंद वनखात्याच्या दप्तराआधी लोकभाषेने करून ठेवली आहे. विशेष म्हणजे यांतील प्रत्येक भाषेने आपल्या परिचयाची बाभूळ आधी गृहीत धरली आणि मग तिच्यामागे विशेषण लावले. नावातले विशेषण हीच मूळ आणि आगंतुक यांतील सीमारेषा आहे. ती पुसट झाली की काय होते, हे पाहण्यासारखे आहे. वसंत बापट यांच्या ‘बाभुळझाड’ या कवितेतील झाड देशी बाभळीचे आहे. शहरात वाढलेल्या आजच्या वाचकाच्या डोळ्यांसमोर मात्र ‘बाभूळ’ म्हणताच बहुधा रस्त्याकडेची वेडी बाभूळ उभी राहते.

४

बाहेरून येणाऱ्या जीवाला दाराशीच रोखावे, कारण एकदा आत आल्यावर त्याला घालवणे शतपटींनी कठीण, हे जैवसुरक्षेचे मूळ सूत्र होय. या सूत्राचा उगमही बेटाशीच निगडित आहे. एड्रियाटिक समुद्रावरील रागूसा, म्हणजे आजचे दुब्रोव्हनिक, या नगरराज्याने १३७७ मध्ये प्लेगग्रस्त प्रदेशांतून येणाऱ्यांना तीस दिवस नगराबाहेर, जवळच्या बेटावर वा ठरावीक ठिकाणी थांबवण्याचा नियम केला. पुढे तीसाचे चाळीस झाले, आणि चाळीस या अर्थाच्या इटालियन शब्दावरून ‘क्वारंटीन’ ही संज्ञा रूढ झाली. तेव्हा नगराच्या रक्षणासाठी बेट वापरले गेले. आज बेटाच्याच रक्षणासाठी तीच पद्धत वापरली जाते.

दक्षिण अटलांटिकमधील साऊथ जॉर्जिया बेटावर उतरणाऱ्या प्रवाशाला बुटांच्या तळव्यांतील माती घासून काढावी लागते, कपड्यांच्या शिवणीत व पिशव्यांच्या खिशांत अडकलेले गवताचे बी वेचून टाकावे लागते. हा अतिरेक वाटेल. परंतु त्या बेटावरील उंदीर नष्ट करण्यासाठी २०११ ते २०१५ या काळात हेलिकॉप्टरमधून विषारी आमिष टाकावे लागले आणि २०१८ मध्ये बेट उंदीरमुक्त झाल्याचे घोषित करता आले, हे लक्षात घेता बूट घासण्याचे कष्ट अल्पच म्हणावयास हवेत. न्यूझीलंडने १९९३ मध्ये जैवसुरक्षेचा स्वतंत्र कायदा केला.

भारतात १९१४ मध्ये घातक कीटक व रोग यांच्या बंदोबस्ताचा कायदा झाला. आज आयात वनस्पतींवरील नियंत्रण २००३ च्या संगरोध आदेशान्वये चालते. या यंत्रणेचे केंद्रीय कार्यालय दिल्लीलगत फरिदाबाद येथे आहे, आणि संशोधनासाठी परदेशातून येणाऱ्या बियाणांची तपासणी दिल्लीतील पूसा येथे राष्ट्रीय वनस्पती जनुकीय संसाधन ब्युरोत होते. कृषी जैवसुरक्षेविषयीचे व्यापक विधेयक २०१३ मध्ये लोकसभेत मांडले गेले. ते संमत न होता व्यपगत झाले. या यंत्रणेचा भर स्वाभाविकपणे शेतीवर आहे. गव्हाला रोग लागला तर त्याची झळ सर्वांना बसते. रिजवरील रानगवत नाहीसे झाले तर त्याची फिर्याद कोण करणार?

दार किंचित उघडे राहिले तर काय घडते, याचे उदाहरण महाराष्ट्राला शोधावे लागत नाही. १९५५ च्या सुमारास पुण्यात गाजर गवत प्रथम लक्षात आले आणि काही दशकांत देशभर पसरले. आयात गव्हाबरोबर ते आले असा समज दृढ असून ‘काँग्रेस गवत’ या नावाने लोकांनी त्याचा दोष थेट सत्ताधाऱ्यांच्या पदरी घातला. त्याला आवर घालण्यासाठी त्याच्या मूळ प्रदेशातून, मेक्सिकोतून, एक भुंगा आणावा लागला आणि बंगळूर येथे कसोट्या घेऊन १९८४ मध्ये तो सोडण्यात आला. एका पाहुण्याला आवरण्यासाठी दुसरा पाहुणा बोलवावा लागला, तोही पुरेशा चौकशीनंतर.

५

येथवरच्या विवेचनात आगंतुक, आक्रमक, परकीय, मूळ, शुद्ध असे शब्द अपरिहार्यपणे आले. या शब्दांपाशी साहित्याच्या अभ्यासकाने थबकणे आवश्यक आहे. ते वनस्पतिशास्त्राने माणसांच्या जगातून उसने घेतले आहेत, आणि उसने घेतलेला शब्द जुने ऋण घेऊनच येतो.

मराठी समाजाला संगरोधाचा अनुभव कटू आहे. १८९७ मध्ये पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तासाठी घराघरांत सोजीर शिरले, माणसे ओढून छावण्यांत नेली गेली, आणि त्याच संतापातून २२ जूनच्या रात्री रँड याच्यावर गोळी झाडली गेली. साथ खरी होती, तिला आवरणे आवश्यक होते. परंतु रोगाऐवजी माणसालाच शत्रू मानणारी पद्धत लोकांना मानवली नाही. त्याहून जुना अनुभव सोवळ्याओवळ्याचा. स्पर्शाच्या भीतीवर उभारलेल्या व्यवस्थेत शतकानुशतके माणसांनाच गावकुसाबाहेर ठेवले गेले. ज्या समाजाच्या स्मृतीत हे आहे, त्याने ‘परके हटवा, मूळचे राखा’ हे वाक्य झाडाविषयीसुद्धा सावधपणेच उच्चारले पाहिजे.

येथे दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात. पहिली अशी की, परकेपणा हा दोष नव्हे. मिरची, बटाटा, मका, भुईमूग, पपई, काजू ही सारी अमेरिका खंडातून आली. पेरू तर आपल्या नावातच तिकडचा देश मिरवतो. त्यांनी कोणाचे रान गिळले नाही. ज्यावर आक्षेप घ्यावयाचा ते मूळस्थान नव्हे, तर इतरांना जगू न देणारे वर्तन होय. आणि असे वर्तन एखादी देशी प्रजातीही चुकीच्या जागी नेल्यास करू शकते. अंदमानातील चितळ मुख्य भूमीवरून नेलेले, म्हणजे भारतीयच होते. दुसरी गोष्ट अशी की, प्रजातींविषयीचा नियम माणसांना लागू होत नाही. सारी माणसे एकाच प्रजातीची आहेत. कोणत्याही प्रदेशाच्या संदर्भात माणसाला ‘आक्रमक प्रजाती’ म्हणणे हे अशास्त्रीय आहे. कागलच्या घराण्यातील सरदार दिल्लीत येऊन स्थायिक झाला, आणि त्याचे नाव त्या मातीत असे मुरले की आज ते तेथलेच वाटते. याला आक्रमण म्हणत नाहीत, वास्तव्य म्हणतात.

६

मग टेकडीचे काय करावे? सारी वेडी बाभूळ एका हंगामात तोडून टाकावी, हे उत्तर सोपे आहे आणि चुकीचेही. बुंधे राहिले तर ती दुपटीने फुटेल. मुळासकट उपटली तर उघड्या खडकावरील थोडीबहुत माती पहिल्या पावसात वाहून जाईल. शिवाय आज जे पक्षी व प्राणी तिच्या आश्रयाने राहतात त्यांना दुसरा आसरा नाही. दिल्ली विद्यापीठाशी संबंधित पर्यावरणतज्ज्ञांनी, विशेषतः प्रा. सी. आर. बाबू यांनी, सुचवलेला मार्ग अधिक संयमाचा आहे. तिच्या फांद्या छाटून छत्र वर उचलावे, प्रकाश जमिनीपर्यंत पोहोचू द्यावा, त्या प्रकाशात अरवलीतील मूळ झाडे, झुडपे, वेली व गवते लावावीत, आणि ती उंच होऊन सावली धरू लागली की जुनी मालकीण आपोआप मागे हटते. वसंत विहारजवळील अरावली जैवविविधता उद्यानात, जुन्या खाणींच्या जागी, अशा प्रकारचे पुनरुज्जीवन प्रत्यक्ष पाहावयास मिळते. या कामाला दशके लागतात. दाराशी जे काही दिवसांत रोखता आले असते त्याची ही किंमत आहे.

यातून केवळ झाडेच परत येतात असे नाही. धौ, पळस, हिंगणबेट, पिलू, रोंझ म्हणजे आपला हिवर, आणि करील ही या कोरड्या टेकड्यांची मूळ वनस्पती. करील म्हणजे बिनपानांचे, काटेरी, वसंतात तांबूस फुलांनी भरून जाणारे झुडूप. ब्रजभूमी येथून फार दूर नाही, आणि तेथील कृष्णकाव्यात, रसखानाच्या रचनेत, करीलच्या कुंजांना मानाचे स्थान आहे. सोन्याच्या महालांपेक्षा असे काटेरी झुडूप प्रिय वाटण्यात जो भाव आहे तो करील पाहिलेल्यालाच पुरता उमगतो. ज्याने तो कधी पाहिलेला नाही, त्याच्या दृष्टीने तो पाठ्यपुस्तकातील टीपेपुरता उरतो. प्रजाती लोप पावते तेव्हा तिच्यावर रचलेले काव्य लोपत नाही. पण त्याचा अर्थ हळूहळू कोशात जाऊन बसतो.

हिंदूरावांच्या वाड्याशेजारील स्तंभ अशोकाच्या ज्या स्तंभलेखमालेतील आहे, तिच्या पाचव्या लेखात कोणत्या प्राण्यांची हत्या करू नये याची यादी असून निष्कारण अरण्ये जाळू नयेत अशीही आज्ञा आहे. ती आज्ञा आगीविषयी होती, कारण त्या काळी अरण्याला भय होते ते आगीचे व कुऱ्हाडीचे. अरण्य हिरवेगार दिसत असतानाच आतून रिते होऊ शकते, हे नंतरच्या शतकांनी शिकवले. हिरवे दिसते ते सारे सुस्थितीत आहे असे नव्हे, आणि बाहेरून आले ते सारे वाईट असेही नव्हे. प्रत्येक आगंतुकाची चौकशी करणारा, पण कोणाविषयी आधीच निवाडा न देणारा विवेक बेटांना हवा आहे. समुद्रातील बेटांना तो जितका हवा, तितकाच शहराच्या गराड्यात उरलेल्या या ८७ हेक्टरांनाही हवा.